मधोमध झिजलेला बूट

माझ्या घरी चपलांच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात पाच फाटके बूट आहेत. जोड नव्हेत, सुटे. पाचही डाव्या पायाचे! दर दिवाळीला मी ते फेकायला बाहेर काढते, एकेक हातात घेते, प्रत्येकाबरोबर काहीतरी आठवतं, एकटीच हसते आणि परत आत ठेवते. माझी मुलगी म्हणते, "आई, हे कपाट आहे की संग्रहालय?" काय सांगू तिला? किस्से ठेवायला वेगळी जागा कुठे असते घरात? ते असेच कोपऱ्याकोपऱ्यात साठतात.

तर आधी हे सांगते की आम्ही करतो काय. आम्ही चौघं जण रविवारी सकाळी आरे कॉलनीत एकचाकी सायकल चालवतो. सर्कशीत असते ना, तीच. एक चाक, वर सीट. हँडल नाही, ब्रेक नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच सांभाळते. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली की माझं मलाच नवल वाटतं.

आमचा गुरू मोरेश्वर. वेसाव्याचा कोळी, वय अडतीस, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आठवडाभर लोकांना वर नेतो, रविवारी आम्हाला खाली पाडतो!

साधं पेडल मारत चालवणं आम्ही वर्षभरात शिकलो. मग मोरेश्वर म्हणाला, "आता ग्लाइड." म्हणजे चालत्या सायकलवर दोन्ही पाय पेडलवरून उचलायचे. एक पाय टेकवायचा चाकाच्या वरच्या लोखंडी दांड्यावर आणि दुसऱ्या पायाचा तळवा फिरत्या टायरवर हलकासा घासत ठेवायचा. तो पाय हाच तुमचा ब्रेक, हाच तुमचा तोल. जमलं तर माणूस उतारावरून पाणी वाहावं तसा जातो. नाही जमलं तर काय होतं ते आमच्या गुडघ्यांना विचारा.

पण गुडघे भरून येतात हो. बूट भरून येत नाहीत! टायरवर घासून घासून तळव्याची वाट लागते. पहिल्याच दिवशी मोरेश्वरने सांगितलं होतं, "ताई, यात आधी बूट शिकतो. माणूस नंतर."

*

पहिला बूट गेला तेव्हा मी तो मरोळ नाक्यावरच्या शांताराममामांकडे घेऊन गेले. फूटपाथवर ताडपत्रीखाली बसून चपला शिवणारे हे मामा तिथे किती वर्षं आहेत, कुणालाच माहीत नाही. त्यांनी बूट उलटा केला आणि हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली.

"ताई, हा बूट कुणाचा?"

"माझाच."

"चालता कुठे तुम्ही?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. अंगावर वजन असलं की टाच झिजते. घाईत असणाऱ्या माणसाचा चवडा झिजतो. पाय ओढत चालतो त्याची बाहेरची कड जाते. जिना खूप चढतो त्याचं टोक जातं. मी तळवा बघून सांगतो माणूस कसा आहे. पण मधोमध झिजलेला बूट मी पहिल्यांदा बघतोय. मधे तर कुणी उभंच राहत नाही!"

मी सगळं समजावून सांगितलं. हातवारे केले. शेवटी त्यांच्याकडे पडलेलं एक जुनं टायर उभं धरून त्यावर पाय घासून दाखवला. रिक्षाची वाट बघणाऱ्या दोन बायका माझ्याकडे बघत होत्या. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चाक फिरतं आणि तुमचा पाय जागेवर?"

"हो."

"मग ताई, बूट कशाला वाचवता? त्या चाकालाच बूट घाला!"

*

खरं तर घरी मी कुणाला सांगितलंच नव्हतं. घरी म्हणजे मी आणि माझी मुलगी ईशा, दोघीच. तिला वाटायचं मी रविवारी वॉकला जाते. खरचटलेले कोपर मी फुल बाह्यांखाली लपवायचे. ह्या वयात आईने असं काही करावं की नाही, हे मुलीने ठरवावं अशी माझी इच्छा नव्हती. तिने "नको" म्हटलं असतं तर मी थांबले असते. तीच भीती होती.

तिने पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्यासाठी रनिंग शूज आणले. निळे, हलके, झकास. मी ते जपून ठेवले होते. पण एका रविवारी माझे नेहमीचे बूट मामांकडे होते, आणि मनात आलं, एकच दिवस! ते बूट घालून गेले. एका सकाळीत डाव्या बुटाच्या तळव्याला बोटभर रुंद चर पडला. मी तो जोड घरी आणून माळ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे लपवला. चोरी केल्यासारखा.

गणपतीच्या आधी साफसफाई करताना तो तिला सापडला.

ती बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. तिने तो माझ्यासमोर ओट्यावर उलटा ठेवला. मी तेव्हा सगळं सांगून टाकलं. आरे, मोरेश्वर, कोपर, सगळं. पोळी तव्यावर करपली तरी बोलतच होते. वर्षभराचं साठलेलं होतं ना.

तिने तळव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एवढा झिजलाय. मग किती लांब गेलीस ग्लाइड करत?"

"तीन फूट."

"किती?"

"तीन. कदाचित साडेतीन."

तिने बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गॅस बंद केला.

"मग आता सोडू नकोस हं आई. नाहीतर बूट खरंच फुकट जातील."

*

गावडेकाका आमच्यात सगळ्यात मोठे. अडुसष्ट वर्षांचे. मूळ कुडाळकडचे, वडील गिरणीत, स्वतः बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं मेकॅनिक. अंधेरीत जन्म गेला तरी बोलणं मालवणी. जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे एक स्पेअर पार्ट असतोच.

बूट झिजतात हे कळल्यावर काका म्हणाले, "तुमी येडे आसात. झिजता म्हणजे घर्षण. घर्षणासाठी बनवलेली वस्तू वापरूक होयी!"

पुढच्या रविवारी ते आले तर बुटाखाली एक करड्या रंगाची जाड पट्टी. चार रिव्हेट मारून बसवलेली. इतकी सफाई की कंपनीतून तशीच आली असावी.

"काका, हे काय?"

"बसचो ब्रेक लायनर! दहा टनाची गाडी घासता ह्याच्यार, तरी वर्ष जाता. माझा वजन कितीसा?"

इतकी सोपी गोष्ट आमच्या डोक्यात कशी आली नाही! काका ऐटीत वर गेले. उतारावरून आले. वेग छान, पाठ ताठ. पेडलवरून पाय उचलला, टायरवर टेकवला.

चाक जागच्या जागी थांबलं. काका थांबले नाहीत.

डावं मनगट मोडलं. मी आणि मोरेश्वर त्यांना रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, सौम्य होता. एक्स-रे बघत त्याने विचारलं, "आजोबा, नेमकं काय करत होतात?"

"ब्रेक लावत होतंय."

"मग?"

काकांनी सुजलेल्या मनगटाकडे बघितलं.

"लागलो!"

दीड महिना ते येऊन नुसते बसायचे. आम्ही सांगितलं, काका, आता पुरे, ह्या वयात हाड पुन्हा जुळायला त्रास होतो. ते ऐकून घ्यायचे. प्लास्टर निघाल्याच्या पहिल्याच रविवारी साडेसहाला सगळ्यांच्या आधी उताराच्या वरच्या टोकाला उभे! मी काही बोलणार इतक्यात म्हणाले, "मनगट मोडला गो. पाय खंय मोडलो?"

*

चौथी आमची अनघा. पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत पीएचडी करते, हॉस्टेलवर राहते. साताऱ्याची आहे. सत्तावीस वर्षांची, अंगाने काडी, आणि पडण्याच्या बाबतीत आमच्यात सगळ्यात शूर.

तिचा आणि माझा पाय एकाच नंबरचा. पाच. पण मी डावा पाय टायरवर ठेवते, ती उजवा. म्हणजे माझा डावा बूट मरतो, तिचा उजवा. हे आम्हा दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं आणि आम्ही एकमेकींकडे बघून ओरडलोच! तेव्हापासून आम्ही एकसारखे काळे बूट घेतो. महिन्याभराने माझा उरलेला उजवा आणि तिचा उरलेला डावा एकत्र केला की एक धडधाकट जोड तयार.

(तर माझ्या कपाटात डावेच का, याचं उत्तर हे.)

मला सख्खी बहीण नाही. कपडे वाटून घेणं, रिबिनी चोरणं, हे मी फक्त मैत्रिणींच्या घरी बघितलेलं. आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणाबरोबर काय वाटून घेतेय, तर बूट!

गेल्या वर्षी अनघाच्या कामाचं मोठं सादरीकरण होतं. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना पटलं तरच काम पुढे जाणार. त्याआधीचे दोन महिने तिचं काहीच धड चाललं नव्हतं. एकदा सायकल धरून उभी असतानाच रडायला लागली. म्हणाली, "नीलिमाताई, मी परत जाते गावी. मला नाही जमत." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तिच्या सायकलची सीट धरून उभी राहिले, एवढंच.

सादरीकरणाला ती आमचा तो जोड घालून गेली. काम मंजूर झालं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला ना, की मी ब्लँक! मान खाली गेली. तर बूट दिसले. म्हटलं, उजवा पाय तर नीलिमाताईचा आहे. तो काही डगमगणार नाही. मग बोलायला लागले."

मी तिला अजून सांगितलेलं नाही. ग्लाइड करताना माझा उजवाच डगमगतो!

*

मोरेश्वर आमचा गुरू खरा, पण खरं सांगू का, ग्लाइड त्यालाही फार जमत नव्हतं. दहा-बारा फुटांवर गाडी अडायची. हे तो आम्हाला कळू देत नव्हता. "मी तुम्हाला हळू दाखवतो ना, म्हणून थांबतो," म्हणायचा.

त्याची आई मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. बोंबील, जवळा, करंदी. तिची एक जुनी रबरी पाटी फुटली होती. मोरेश्वरने तिचा तळ कापला आणि बुटाखाली चिकटवला. रबर जाड, गुळगुळीत, वर्षानुवर्षं वापरून मुरलेलं. काम उत्तम! पहिल्या तीन फेऱ्यांत जराही झिजलं नाही. तो खूश. "बघा, घरचा माल!"

चौथ्या फेरीला काय झालं, घासून घासून ते रबर तापलं. आणि पंधरा वर्षांचे बोंबील त्यात मुरलेले होते, ते जागे झाले!

आम्ही उतारावर जिथे शिकतो, त्याच्या खाली म्हशींचा तबेला आहे. तिथली तीन कुत्री एरवी आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्या दिवशी तिन्ही एकदम उठली. मोरेश्वर वरून येत होता, पाय टायरवर, मागून सुगंधाचा झोत. कुत्री बाजूने धावली आणि त्याच्या मागे लागली.

आता पाय खाली टेकवावा तर कुत्री. पेडल शोधावं तर तोल जाणार. त्याने एकच केलं. तसाच बसून राहिला! दहा फूट गेले, वीस गेले, पन्नास गेले. पूर्ण उतार संपला, वळण आलं, तेही त्याने घेतलं, आणि तबेल्याच्या दारातल्या गवताच्या ढिगात जाऊन घुसला. कुत्र्यांनी बूट काढून नेला.

इतका सुंदर ग्लाइड आमच्यापैकी कुणी त्याआधी बघितला नव्हता.

मी नंतर बाजारात गेले तेव्हा त्याच्या आईला हे सांगितलं. वाटलं, मुलाचं कौतुक वाटेल. तिने जवळ्याचं माप ओतता ओतता शेजारच्या बाईला हाक मारली.

"आयकलंस काय गो? म्हावरा मी इकते, न गिऱ्हाईक याचे मागं लागतंय!"

मग पिशवीला गाठ मारताना हळूच मला विचारलं, "पन परला नाय ना तो?"

"नाही हो. अजिबात पडला नाही."

तिने पिशवीत मूठभर जवळा वर टाकला.

*

ह्या सगळ्या प्रकारांत आमचं वर्ष-दीड वर्ष गेलं. सायकलची जुनी ट्यूब कापून लावली, तिने चाकाला मिठी मारली. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण लावलं, ते इतकं घसरलं की ब्रेकच लागेना. चिकटपट्ट्या गुंडाळल्या, त्या सुटून टायरमध्ये अडकल्या आणि मी झुडपात. अडचण अशी की वस्तू फार धरणारी नको, फार सोडणारीही नको. धरलं तर आपटतो, सोडलं तर सुटतो. मोरेश्वर एकदा म्हणाला, "माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली, हेच शिकतोय."

शेवटी अनघा वैतागली. तिची पीएचडी कशात? घर्षणात! दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की कुठली किती झिजते, हाच तिचा अभ्यास. म्हणाली, "मी रोज हेच करते आणि रविवारी मूर्खासारखी पडते. थांबा."

तिने सात वस्तूंचे तुकडे जमवले. ट्यूब, टायर, मशीनचा पट्टा, पायपुसणं, कॅनव्हास, काकांचा तो ब्रेक लायनर आणि एक चामड्याचा तुकडा. प्रयोगशाळेतल्या मशीनवर ते एकेक करून घासले. मोकळ्या वेळात, तिच्या सरांना विचारून. सरांनी म्हणे विचारलं, "हे कुठल्या उद्योगासाठी?" ती म्हणाली, "चार माणसांसाठी."

महिन्याभराने आलेख घेऊन आली. उत्तर निघालं: चामडं. कमावलेलं, जुनं, दाबून कडक झालेलं. हवं तेवढंच धरतं, हवं तेवढंच सोडतं आणि झिजतं सगळ्यात कमी.

आम्ही तो कागद घेऊन शांताराममामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून आलेख सरळ बघितला, आडवा बघितला. मग पेटीतून जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळ काढला. पट्टी आधीच बुटाच्या मापाने कापलेली!

"ही कधी कापलीत?"

"तुम्ही टायर धरून नाचून दाखवलंत ना, त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत मामा?"

"बोललो की. दोनदा बोललो. तुम्ही म्हणालात, चामडं नको, काहीतरी मॉडर्न बघतो." त्यांनी कागद नीट घडी घालून अनघाला परत दिला. "पोरीने चांगलं काम केलंय हां. आता मशीन बोलली ना, आता तुम्हाला ऐकू येईल."

आम्ही चौघं तिथे फूटपाथवर मान खाली घालून उभे होतो. मी आठवून बघितलं. खरंच दोनदा बोलले होते.

चौघांच्या बुटांना त्यांनी त्या पट्ट्या लावल्या. आधी चिकटवायचं सोल्युशन, मग कडेने शिलाई. तेव्हापासून बूट फाटणं जवळजवळ थांबलंच. सगळ्यांत सुरेख बसली ती गावडेकाकांची पट्टी. काकांनी तिला दर आठवड्याला तेलाचं बोट लावलं. चार महिने झाले तरी बुटाचा मूळ तळवा कोरा करकरीत. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला बूट उलटा करून दाखवायचे.

*

आता शेवटचं. हे मागच्या हिवाळ्यातलं.

काका एका रविवारी काकींना घेऊन आले. आम्ही त्यांना आधी कधी भेटलो नव्हतो. काकींची नजर गेलीय. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. आता उजेड आहे की अंधार आहे, एवढंच कळतं. काकांनी त्यांना हाताला धरून रिक्षातून उतरवलं, उताराच्या मध्यावर झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडून बसवलं, मांडीवर शाल ठेवली.

काकी मला म्हणाल्या, "ह्ये दर रविवारी घराक येऊन सांगतत, आज वीस फूट गेलंय, आज तीस फूट गेलंय. माका वाटता फेकतत! म्हटला, एकदा येऊन बघूक होया."

त्या "बघूक" म्हणाल्या.

काका वर गेले. अनघा काकींच्या शेजारी बसली आणि त्यांना सांगायला लागली. "काकी, आता काका सीटवर बसले. आता पेडल मारतायत. आता थोडे वाकले..."

काकींनी तिच्या हातावर हात ठेवला. "गो बाय, क्रिकेट आसा काय? गप रव जरा. माका ऐकाचा आसा."

अनघा गप्प झाली. आम्हीही.

आणि त्या दिवशी काकांना असा काही ग्लाइड लागला! वरच्या वडापासून सुटले ते पाठ ताठ, हात पसरलेले, पाय टायरवर अगदी फुलासारखा. आमच्या समोरून गेले, काकींच्या खुर्चीपासून हातभर अंतरावरून गेले आणि पार खाली, पाण्याच्या मोठ्या पाइपापर्यंत जाऊन अलगद उतरले. मोरेश्वरने शिट्टी मारली. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवायला लागलो.

काकी दचकल्या. "कित्याक टाळ्यो? सुरू करतत काय आता?"

काका धापा टाकत, सायकल ढकलत वर येत होते. चेहरा लहान मुलासारखा. "झाला गो! वडापासून थंय पाइपापर्यंत! तुझ्या म्होरसून गेलंय!"

"कधी?"

"आता! आताच!"

काकींनी थोडा वेळ कान तसाच उताराकडे ठेवला. मग मान हलवली.

"माका कायच ऐकाक नाय इला."

काका उभे राहिले. त्या चामड्याच्या पट्टीचा टायरवर आवाज होत नाही. बुटाचा उघडा रबरी तळवा घासला की मात्र लांबवर ऐकू जातो, सर्रर्र असा, कपडा फाडल्यासारखा. हे आम्हाला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं मात्र कुणालाच नाही.

काका रस्त्याच्या कडेला खाली बसले. बूट काढला, उलटा मांडीवर घेतला. मोरेश्वरकडे हात पुढे केला. "स्क्रू ड्रायव्हर दी."

"काका, कशाला? अहो, इतकी मस्त बसलीय ती! अजून वर्षभर..."

"दी रे."

त्यांनी टोक शिलाईत घातलं. दोरा तटातट तुटत गेला. सोल्युशन घट्ट होतं, ते सुटेना. काका दात आवळून ओढत होते. मोडलेल्या मनगटात अजून पूर्ण जोर नाही. मोरेश्वर पुढे झाला, पण काकांनी त्याला हात लावू दिला नाही. शेवटी पट्टी निघाली. तिच्याबरोबर तळव्याचा एक टवकाही निघाला. त्यांनी पट्टी बाजूला गवतात टाकली, बूट घातला, नाडी बांधली आणि सायकल घेऊन परत उतार चढायला लागले.

काकी पाठ सरळ करून बसल्या. शाल मांडीवरून खाली घसरली, ती मी उचलली नाही. वर वडापाशी काका सीटवर बसले. म्हशींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता, तोही मधेच थांबला.

मग तो आवाज आला. सर्रर्र. आधी बारीक, मग भरत भरत मोठा.

काकींचं तोंड वडाकडे वळलं. आवाज खाली यायला लागला, तशी त्यांची मानही त्याच्याबरोबर वळायला लागली. वडापासून आमच्यासमोर, आमच्यासमोरून पार खाली पाइपापर्यंत. अगदी सावकाश. एकदाही न चुकता.